ऋतू बदलला की हायब्रीड गाडीचे अ‍ॅव्हरेज का बदलते?



गेल्या गळीत हंगामात डिसेंबरच्या एका सकाळी गट ऑफिसात ऊसनोंदीचे काम चालू होते. एक सभासद आले. त्यांच्या आडसालीची नोंद तपासून झाली, चहा झाला, आणि उठता उठता ते म्हणाले, "साहेब, तुमच्या इथेनॉलनं माझ्या नव्या गाडीचं अ‍ॅव्हरेज खाल्लं बघा. दिवाळीपर्यंत बावीस देत होती, आता एकोणीसच्या वर जाईना." शेजारी बसलेल्या दोघांनी लगेच माना डोलावल्या.

गाडी हायब्रीड होती. आमच्याकडेही तशीच गाडी आहे आणि खरे सांगायचे तर तोच संशय आमच्याही मनात होता. त्यामुळे त्यांना तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. पण दोन गोष्टी मनात राहिल्या. एक म्हणजे इथेनॉल "तुमचे" नाही, ते आपले आहे. आपल्याच उसाच्या मळीतून आणि रसातून ते निघते आणि त्याचे पैसे ऊसदरापर्यंत पोचतात. आपणच आपल्या मालाला नावे ठेवायची असतील तर निदान हिशेब करून ठेवावीत. दुसरी गोष्ट अशी की इथेनॉल दिवाळीलाही पेट्रोलमध्ये तेवढेच होते. मग दीड महिन्यात अ‍ॅव्हरेज तीनने का उतरले?

आमचे मूळ गाव रायगड जिल्ह्यातील म्हसळा. पुण्यापासून मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव आणि पुढे घोणसे घाट असा हा जवळपास दीडशे किलोमीटरचा रस्ता. जानेवारीत, मे महिन्यात आणि जुलैत मिळून वर्षात तीनदा तरी जाणे होते. देशावरची थंडी, कोकणातला दमट उन्हाळा आणि घाटातला पाऊस या तिन्ही गोष्टी या एकाच रस्त्यावर एकाच गाडीला भेटतात. म्हणून वर्षभर वही ठेवली, कंपनीचे पुस्तक वाचले, जाणकार मेकॅनिकना विचारले. त्यातून जे समजले ते सभासदांपुढे ठेवत आहोत. आपल्या कार्यक्षेत्रात अशा गाड्या आता बऱ्याच दिसू लागल्या आहेत, तेव्हा ते उपयोगी पडेल.

हायब्रीड म्हणजे नेमके काय?

हायब्रीड म्हटले की आपल्याला आधी ज्वारी आठवते. तिथे दोन जातींचा संकर, इथे दोन शक्तींचा. विहिरीवर वीजपंप आणि ऑइल इंजिन अशी दोन्ही साधने असलेला शेतकरी डोळ्यांपुढे आणावा. वीज असली की मोटर, वीज गेली की इंजिन, आणि गरज पडली तर दोन्ही. हायब्रीड गाडीत पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर अशीच एकत्र नांदतात. कोणी केव्हा काम करायचे हे गाडीतला संगणक ठरवतो.

अशी गाडी मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा विकली गेली ती जपानमध्ये, डिसेंबर १९९७ मध्ये. टोयोटा प्रियस हे तिचे नाव. आपल्याकडे २०२२ साली मारुती ग्रँड व्हिटारा, टोयोटा हायरायडर आणि होंडा सिटी या गाड्या स्ट्राँग हायब्रीड प्रकारात आल्या आणि ही जात गावोगाव पोचू लागली. काही गाड्यांवर नुसते हायब्रीड किंवा माइल्ड हायब्रीड असे लिहिलेले असते. त्यांत मोटर इंजिनाला थोडा हातभार लावते, पण एकटी गाडी चालवत नाही. या लेखात आपण स्ट्राँग हायब्रीडबद्दल बोलत आहोत. तिला बाहेरून चार्जिंग लागत नाही.

मग वीज येते कुठून? एक तर इंजिन चालता चालता जनित्र फिरवते. दुसरे म्हणजे आपण ब्रेक लावला किंवा पाय उचलला की मोटरच डायनॅमो बनते आणि गाडीच्या वेगातून वीज तयार करते. साध्या गाडीत हीच ताकद ब्रेकच्या गरमीत वाया जाते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. ही बॅटरी फार लहान असते. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर यांची बॅटरी ०.७६ युनिटची आहे. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलेच युनिट. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. त्यावरून अंदाज यावा. ही बॅटरी धरण नव्हे, गोठ्यापुढचा हौद आहे. दिवसातून शंभर वेळा थोडे भरायचे आणि थोडे काढायचे, हे तिचे काम. हौदाचे हे गणित समजले की पुढचे सगळे सोपे जाते.

आधी वजनकाटा, मग टनेज

उभ्या फडाकडे पाहून कोणी एकरी सत्तर टन सांगतो, कोणी नव्वद. खरे काय ते काट्यावर कळते. अ‍ॅव्हरेजचेही तसेच आहे. गाडीच्या पडद्यावर दिसणारा आकडा हा संगणकाचा अंदाज असतो. त्यावर भांडण करू नये.

पंपावर टाकी फुल करावी, पंपाचे पिस्तूल आपोआप बंद पडले की थांबावे आणि मीटर लिहून घ्यावे. निदान तीन-चारशे किलोमीटर चालल्यावर शक्यतो त्याच पंपावर तशीच टाकी फुल करावी. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी बसलेले लिटर, हे खरे अ‍ॅव्हरेज. दोन-तीन टाक्यांची सरासरी काढली तर आणखी बरे.

म्हसळ्याच्या वाटेवर आम्ही यातही फसलो होतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच, तर म्हसळा खाडीकाठी. जाताना गाडी एकूण उताराला असते. तिथे पोचल्यावर पडद्यावरचा आकडा पाहून मन खूश होते, आणि परत येताना तोच आकडा पडला की पेट्रोलवर संशय येतो. जाऊन-येऊन असा दोन्हीकडचा हिशेब एकत्र केला पाहिजे. उतारावर मिळालेले चढावर द्यावे लागते.

कंपनीने सांगितलेला आकडाही जपून वाचावा. हायरायडरसाठी २७.९७ आणि इनोव्हा हायक्रॉससाठी २३.२४ किलोमीटर असे आकडे जाहीर झाले. हे ठरावीक वेगाच्या, ठरावीक परीक्षेतले आकडे असतात. दोन गाड्यांची तुलना करायला ते ठीक आहेत. आपल्या रस्त्यावर, आपल्या ओझ्यासह तेवढेच मिळेल असा त्याचा अर्थ नाही. प्रयोगशाळेत काढलेला उतारा आणि आपल्या उसाचा उतारा यांतला फरक सभासदांना वेगळा सांगायला नको.

इथेनॉलचा खरा वाटा

आता मूळ तक्रारीकडे येऊ. इथेनॉलने अ‍ॅव्हरेज कमी होते का? होते. हे लपवण्यात अर्थ नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. वीस टक्के इथेनॉल मिसळले की लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी होते. हा साधा हिशेब आहे.

पण गाडीवर होणारा परिणाम गाडी कशासाठी बनवली यावर अवलंबून असतो. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त आहे. इंजिन त्यासाठी जुळवून घेतलेले असेल तर तोट्यातला बराच भाग भरून निघतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात याचे अंदाज दिले आहेत. इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या जुन्या चारचाकीत सहा ते सात टक्के घट येते. तशाच दुचाकीत ती तीन ते चार टक्के असते. वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीत मात्र घट फक्त एक ते दोन टक्के धरली आहे. जुनी गाडी असेल तर कंपनीच्या पुस्तकात कोणते इंधन चालेल असे लिहिले आहे ते जरूर पाहावे. रबरी नळ्या, सील यांची तपासणीही करून घ्यावी.

देशात २०१३-१४ साली पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण सरासरी दीड टक्का होते. जून २०२२ मध्ये ते दहा टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांपर्यंत पोचले. आता मुद्दा असा की हे प्रमाण ऋतूप्रमाणे खालीवर होत नाही. जानेवारीतही वीस आणि मे महिन्यातही वीस. म्हणजे आमच्या सभासदांचे बावीसचे एकोणीस झाले, ही जवळजवळ चौदा टक्के घट इथेनॉलने झालेली नाही. ती आली थंडीतून, टायरमधून आणि आपल्या सवयींतून. चोर दुसराच आहे, आणि तो पकडता येतो.

हिवाळा: थंड इंजिन आणि छोट्या फेऱ्या

हायब्रीड गाडीचे अ‍ॅव्हरेज थंडीत पडते. त्याची कारणे चार.

पहिले कारण, इंजिन गरम व्हावे लागते. धूर शुद्ध करणारे यंत्र तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणून बॅटरी भरलेली असली तरी सकाळी संगणक इंजिन चालूच ठेवतो. इंजिन नीट तापेपर्यंत विजेवर जाणे कमीच होते. त्यात ऑइल थंडीने घट्ट झालेले असते.

दुसरे कारण म्हणजे छोट्या फेऱ्या, आणि आपल्याकडे हेच सगळ्यांत मोठे. गळीत हंगामात सभासदांची गाडी कशी फिरते? पहाटे तीन किलोमीटर फडावर तोड पाहायला, परत घरी. नंतर चार किलोमीटर सोसायटीत, परत घरी. मग खताच्या दुकानात. प्रत्येक वेळी इंजिन तापते न तापते तोच गाडी बंद होते. तापवण्याचे पेट्रोल गेले, फायदा घ्यायची वेळ आली तेव्हा चावी काढली. चूल पेटवून, तवा तापवून, एकच भाकरी भाजायची आणि पुन्हा चूल विझवायची असा हा प्रकार आहे. तीच सगळी कामे एका फेरीत केली तर पेट्रोलमधला फरक वहीत लगेच दिसतो.

तिसरे कारण टायरची हवा. हवा थंड झाली की आकसते. साधारण साडेपाच अंशांनी तापमान उतरले की टायरमधली हवा एक पौंडाने कमी होते. ऑक्टोबरच्या उन्हाच्या दुपारी भरलेली हवा जानेवारीच्या बारा अंशांच्या पहाटे चार-पाच पौंडांनी कमी भरते. टायर पंक्चर नसतो, दिसायलाही बरा दिसतो, पण रस्त्याला चिकटून ओढत चालतो. जानेवारीत म्हसळ्याहून परतल्यावर आमच्या वहीत आकडा पडलेला दिसला आणि आम्ही त्यापुढे "इथेनॉल?" असे लिहूनही टाकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हवा तपासली तर चारही चाके कमी. शेवटची हवा भरली होती दसऱ्याआधी, भर दुपारी. वहीतला तो शब्द आम्ही खोडला.

चौथे कारण, थंड हवा दाट असते. चाळीस अंशांच्या हवेपेक्षा बारा अंशांची हवा सुमारे दहा टक्के जड भरते. हमरस्त्यावर वेगात जाताना तिला कापायला जास्त जोर लागतो. याला उपाय एकच, वेग आवरावा. ताशी ८० ऐवजी १०० ने गेले की वाऱ्याचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. हे बाराही महिने लागू आहे.

थंडीत बॅटरीही थोडी आळसावते, वीज घ्यायला आणि द्यायला कुरकुरते. पण आपल्या भागातली थंडी युरोपसारखी नाही. घाट उतरून कोकणात गेले की ती आणखी कमी होते, कारण समुद्र रात्रीचे तापमान फार उतरू देत नाही.

उन्हाळा: दोन प्रकारची गरमी

उन्हाळ्यात इंजिन लवकर तापते, ऑइल पातळ राहते, हवा हलकी असते. मग अ‍ॅव्हरेज वाढायला हवे. ते वाढतेही, पण एसीने खाल्ले नाही तर. हायब्रीड गाडीचा एसी बॅटरीतल्या विजेवर चालतो. म्हणून सिग्नलला इंजिन बंद असतानाही गार हवा मिळते. पण हौद लहान. थोडा वेळ एसी जोरात चालला की हौद रिकामा होतो आणि तो भरायला इंजिन सुरू होते. उभ्या गाडीचे इंजिन मधेच घुरघुरू लागले तर गाडी बिघडली असे समजू नये.

आम्हाला वाटायचे की देशावर पारा चाळीसच्या पुढे, म्हसळ्यात तेहतीस-चौतीस, तेव्हा कोकणात एसीवर कमी पेट्रोल जाईल. फरक वाटला तेवढा निघाला नाही. कारण कोकणची हवा दमट. एसी हवा नुसती गार करत नाही, तिच्यातले पाणी काढून टाकतो. गाडीखाली ठिबकते ते हेच पाणी. हवेतील एक लिटर पाण्याची वाफ थिजवायला सुमारे ०.७ युनिट उष्णता बाहेर काढावी लागते. म्हणून दमट गावात पारा कमी असला तरी एसीला कष्ट पडतातच. यावर उपाय म्हणजे बाहेरची हवा आत घेणारे बटण बंद करून आतलीच हवा फिरवावी. म्हणजे तेच तेच पाणी पुन्हा काढावे लागत नाही. एसी २४-२५ अंशांवर ठेवावा. उन्हात उभी असलेली गाडी सुरू करताना दोन मिनिटे काचा उघडून आतली वाफ जाऊ द्यावी, मग एसी लावावा. चिंचेच्या नाहीतर आंब्याच्या सावलीत गाडी लावणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. हायब्रीडच्या बॅटरीलाही गार हवा लागते. बहुतेक गाड्यांत मागच्या सीटच्या बाजूला किंवा खाली एक जाळी असते. तिथून पंखा आतली हवा ओढून बॅटरीला देतो. मे महिन्यात म्हसळ्याहून निघताना चुलत्यांनी हापूसच्या पेट्या आणि नारळांचे पोते मागच्या सीटवर भरून दिले. पोते नेमके त्या जाळीला टेकले. ताम्हिणीचा चढ लागला आणि मागून पंख्याचा मोठा आवाज येऊ लागला, इंजिन थांबेना. मुळशीपाशी थांबून पोते सरकवले, तेव्हा थोड्या वेळाने गाडी शांत झाली. बॅटरी फार तापली की संगणक तिचे काम कमी करतो आणि सगळा भार पेट्रोलवर येतो. जाळीवर पोते, गोधडी, पिशवी ठेवू नये. आपल्याकडे पाचटाची कुसळे आणि फडातली धूळ गाडीत फार येते. त्या जाळीची चाळणी सर्व्हिसिंगच्या वेळी आवर्जून साफ करून घ्यावी.

तापलेल्या टायरमधली हवा जास्त दिसते म्हणून ती सोडू नये. टायर गार झाला की ती कमी पडते.

पावसाळा: पाणी, काच आणि धीर

जुलैत चुलत्यांचा फोन आला की ते विचारतात, "पावसात गाडीची भूक वाढते काय रे?" वाढते. रस्त्यावर पाण्याचा थर असला की प्रत्येक चाकाला ते पाणी बाजूला सारत जावे लागते. त्यात वायपर, दिवे आणि काचेवरची वाफ काढायला एसी. ताम्हिणी हा महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. तिथे वाफ न काढता गाडी चालवणे म्हणजे डोळे मिटून चालवणे. पेट्रोल वाचवायला एसी बंद करून काच धुरकट ठेवू नये. इथे अ‍ॅव्हरेज विसरावे.

पावसात हायब्रीडला एक फायदाही मिळतो. वेग कमी, थांबत-थांबत जाणे, यात साधी गाडी पेट्रोल जाळत राहते, तर हायब्रीड अधूनमधून इंजिन बंद ठेवून मोटरवर सरकते. हलक्या पायाने, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून चालवले की हा फायदा पुरेपूर मिळतो. अंतर ठेवल्याने ब्रेक लांबून, हळू लावता येतो. हळू लावलेल्या ब्रेकने हौद भरतो, तर करकचून दाबलेल्या ब्रेकची ताकद बरीचशी चाकाच्या गरमीत जाते.

पावसाळ्यापूर्वी टायरची नक्षी पाहावी. खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरल्या असतील तर टायर बदललाच पाहिजे. त्याआधीच बदललेला चांगला. वाहत्या पाण्यात गाडी घालू नये. हायब्रीडमध्ये जास्त दाबाच्या विजेच्या तारा असतात, त्यांचे आवरण नारिंगी रंगाचे असते. त्यांना स्वतः हात लावू नये, गावातल्या वायरमनलाही लावू देऊ नये. गाडीत पाणी शिरले असेल तर सुरू करून पाहू नये, ओढून सर्व्हिस सेंटरला न्यावी. अतिवृष्टीत ताम्हिणी घाट अधूनमधून बंद ठेवतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी.

इथेनॉल पाणी ओढून घेते. म्हणून टाकीचे झाकण घट्ट असावे. पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या जुन्या दुचाकीच्या बाबतीत याची विशेष काळजी घ्यावी.

घाट: हौद कधी भरतो?

गाडी, माणसे आणि सामान मिळून दीड हजार किलो धरा. सहाशे मीटर घाट उतरताना एवढ्या वजनातून सुमारे अडीच युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातली काही टायर आणि वारा खातात, काही वीज तयार करताना जाते. तरी उरते ती ०.७६ युनिटच्या हौदात मावणारी नसते. शिवाय संगणक बॅटरी पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली होऊ देत नाही. म्हणजे अर्ध्या घाटातच हौद भरतो आणि पुढचे पाणी वाहून जाते.

त्यामुळे घाटमाथ्याला पोचताना बॅटरी थोडी रिकामी असलेली बरी. मुळशीच्या पुढे सपाटीवर पाय हलका ठेवला की गाडी आपोआप विजेवर जाते आणि हौदात जागा होते. उतार लागल्यावर गियर "डी" मध्येच असावा. बॅटरी भरल्याची खूण दिसली की, गाडीत "बी" असेल तर ते लावावे. मग इंजिन गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत.

उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडण्याची जुनी सवय अजून काहींना आहे. हायब्रीडमध्ये ती दुप्पट तोट्याची आहे. न्यूट्रलमध्ये बॅटरी भरतच नाही, म्हणजे फुकटची वीज गेली. आणि इंजिनाची पकड सुटते, म्हणजे जिवाला धोका. घोणशासारख्या वळणाच्या घाटात हा प्रकार कोणीही करू नये.

चढावर मात्र जादू नाही. माणगावकडून परत येताना वजन वर न्यायचे ते पेट्रोलनेच. एकसारखा, मध्यम वेग ठेवावा. डिकीत वर्षभर पडलेले खताचे रिकामे डबे, पंपाचे जुने सामान उतरवून ठेवावे.

सभासदांनी करावयाची कामे

१. महिन्यातून एकदा आणि ऋतू बदलताना, सकाळी गाडी चालवण्यापूर्वी टायरची हवा तपासावी. दाराच्या खांबावरील पट्टीवर लिहिलेले पौंड हेच प्रमाण मानावे.
२. टाकी फुल ते टाकी फुल असा हिशेब वहीत लिहावा. शेजारी महिना आणि रस्ता लिहावा.
३. छोट्या फेऱ्या एकत्र कराव्यात.
४. एसी २४-२५ अंशांवर, गाडी सावलीत, बॅटरीची जाळी मोकळी.
५. कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल घालावे. हायब्रीडला बहुधा पातळ ऑइल लागते. ट्रॅक्टरसाठी आणलेले ऑइल त्यात ओतू नये.
६. उतारावर न्यूट्रल कधीही करू नये.

याने किती वाचेल? समजा गाडी वर्षाला बारा हजार किलोमीटर चालते. वीसच्या अ‍ॅव्हरेजने ६०० लिटर लागतात, बावीसच्या अ‍ॅव्हरेजने सुमारे ५४५. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरले तरी साडेपाच हजारांच्या आसपास फरक पडतो. हवा तपासायला मात्र पाच मिनिटे लागतात.

आता इथेनॉलची दुसरी बाजूही पाहू. एक टन उसाच्या रसापासून सुमारे सत्तर लिटर इथेनॉल मिळते. ४५ लिटरच्या टाकीत वीस टक्क्यांप्रमाणे नऊ लिटर इथेनॉल असते. ते सगळे रसापासूनचे धरले तर जवळपास १३० किलो ऊस झाला. पंपावरचे सगळे इथेनॉल उसाचे नसते, मक्याचेही असते. पण आपला वाटा त्यात आहे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल परदेशातून येते, तिथे ही नऊ लिटर घरची आहेत. २९ ऑगस्ट २०२३ रोजी दिल्लीत इनोव्हा हायक्रॉसचा जास्त इथेनॉलवर चालणारा हायब्रीड नमुना दाखवण्यात आला, त्यामागचा विचार हाच. इथेनॉलमुळे लिटरमागे जे थोडे कमी पडते ते हायब्रीडच्या बचतीने भरून काढायचे. ही जोडी एकमेकांना सांभाळून चालणारी आहे.

डिसेंबरमध्ये आलेल्या त्या सभासदांना आम्ही एवढेच सांगितले की उद्या सकाळी गार टायरची हवा तपासा, आठ दिवस फेऱ्या एकत्र करा आणि मग बोलू. ते पुन्हा आले ते मार्चमध्ये, खोडव्याच्या नोंदीसाठी. अ‍ॅव्हरेजचा विषय आम्हीच काढला. ते म्हणाले, "हवाच कमी होती साहेब. आता बरं हाय. पण थोडं कमी देतीच." थोडे कमी देते हे खरे आहे, आणि ते इथेनॉलचे असू शकते, हे आम्ही मान्य केले. बाकीचे टायरच्या खाती घालावे, उसाच्या नव्हे.

सभासदांनी आपापल्या वहीतले आकडे गट ऑफिसात आणून द्यावेत. येत्या हंगामानंतर ते एकत्र करून याच पत्रिकेत मांडू.

ऊस विकास अधिकारी,
शेतकी विभाग